सत्कृत्यांची वही

दादा,

मुख्याध्यापक म्हणून तुला नमस्कार. भाऊ म्हणून आज काहीच नाही.

तुझ्या शाळेत मुलांनी रोज एक सत्कृत्य वहीत लिहायचं असतं. वर्षभर कुणी लिहिलं नाही, म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहून दिलं आणि मुलांनी ते उतरवून घेतलं. एकाच तारखेला चाळीस मुलांनी एकेका आजोबांना रस्ता ओलांडून दिला! एवढे आजोबा आणलेस कुठून रे?

तपासणीच्या साहेबांनी तुझ्या भाचीला विचारलं, "हे सगळं खरं का गं?"

"नाही, कालच फळ्यावरून लिहिलं," ती म्हणाली.

नऊ वर्षांची पोर. तुझ्या मूल्यशिक्षणाच्या तासाला जे शिकली, तेच करून बसली. आणि तू तिला वर्गासमोर उभं करून "मी खोटं बोलले" असं म्हणायला लावलंस. सख्खा मामा ना तू?

पण सगळा राग तुझ्यावर काढून मला सुटता येत नाही. तिला वर्गासमोर उभं राहायचं होतं त्या सकाळी तिची वेणी घालताना मीच म्हणाले होते, "मामा सांगतो तसं म्हण आणि मोकळी हो."

हे पत्र मी पाठवणार नाही. तिची अजून दोन वर्षं तुझ्याच शाळेत जायची आहेत.

काल तिचा डबा अर्धा परत आला. मी विचारलं, "पोट दुखतंय का?" तिने माझा चेहरा नीट निरखला आणि म्हणाली, "आई, काय सांगू?"

तुझ्याइतकीच लबाड,
धाकटी