बिनपाण्याची बाग

३ जानेवारी १९७३, सातारा
नळाला दिवसाआड पाणी. आज लॉनला तीन बादल्या घातल्या, तेव्हा कुंपणापलीकडे शेजारणी घागरी घेऊन रांगेत. एकीनं नुसतं पाहिलं. पलटणीत इतकी वर्षं काढली, असं कुणी पाहिलं नव्हतं. ठराव : लॉन बंद. त्या जागी निवडुंग, कोरफड, दगड. पाणी लागणारच नाही. पलटणीतले कर्नलसाहेब अठ्ठावीसला चहाला येताहेत, त्यांना ही बाग दाखवायची. सौ. म्हणाली, आधी प्यायच्या पाण्याचं बघा. तिला गार्डनिंगमधलं कळत नाही.

७ जानेवारी
लॉन उपटली. कंबर धरली, पण ती थंडीमुळे. गवत वाळलं की बंबात घालायचं. आंघोळीचं पाणी फुकट तापेल. प्लॅनिंग म्हणतात ते हेच.

१२ जानेवारी
माळावरून हातगाडीभर फड्या निवडुंग आणून लावला. फर्स्ट क्लास! सौ.नं माझ्या हातातले काटे चिमट्यानं काढले. एक शब्द बोलली नाही. म्हणजे बाग आवडली.

१५ जानेवारी
मेहुणा सयाजी वडूजहून चालत आला, गाभण गाय घेऊन. तिकडे चारा संपलाय. दिवाळीत मीच म्हणे सांगितलं होतं, आमच्या लॉनवर चार गाई जगतील. अंगणात उभा राहून म्हणाला, "दाजी, गवत कुठं हाय?" मी त्याला निवडुंगाचं महत्त्व समजावून दिलं. सगळं ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. गवत बंबात जाळलं, ते सांगितलं नाही.

१८ जानेवारी
बाजारात कडबा नाही. गाय बसली ती उठेना. सयाजी म्हणतो, फड्याचे काटे भाजून तो बारीक केला तर गाय खाते. मी साफ नकार दिला. साहेब येऊन जाईपर्यंत थांब म्हटलं. सौ. म्हणाली, "बाग परत लावता येती. गाय मेली तर ती कुठनं लावणार?" शेवटी परवानगी मीच दिली. फक्त मागची रांग.

२३ जानेवारी
मागची रांग संपली. पुढचीही जवळजवळ. गाय उठली. बाग आता मोकळी दिसते. मॉडर्न बागा अशाच असतात.

२८ जानेवारी
साहेब आले. अंगणात दगड आणि राख. माझं भाषण तयार होतं, पण ते सरळ गायीकडे गेले, पाठीवरून हात फिरवला. "सुभेदार, अशा दिवसांत गाय जगवलीत. शाब्बास." मी कडक सॅल्यूट ठोकला. मागं सयाजी शेणाची पाटी घेऊन उभा होता. मला लाज वाटली. साहेब गेल्यावर पाटी घ्यायला पुढं झालो.

"ऱ्हाऊ द्या दाजी," म्हणाला, "कापडं खराब हुतील."

पाटी त्यानं दिली नाही.