घुम्याच्या छातीतली मोटार

प्रिय जुनैद,

तुझं गादीचं दुकान माझ्या मोटार-वायंडिंगच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी पत्र लिहायला बसलोय. फोन लावला असता, पण फोनवर माझा आवाज आपोआप चढतो. तुझ्या घरून शाहजादी भाभी म्हणायच्याच, 'हरीओमभाई, एक आदमी से बात कर रहे या पूरे मालेगाव से?' कागदावर तेवढा जोर चालत नाही. पोळ्यापासून तू माझ्याकडे फिरकला नाहीस, राजूच्या टपरीवरचा चहाही सोडलास. काहून सोडलास, ते मला माहीत आहे. मी विचारत नाहीये.

आधी घुम्याची खबर देतो, कारण ती तू कोणाला ना कोणाला विचारत असशील. जिवंत आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे. गुळात दिली तर शेपटी हलवत गूळ खातो आणि गोळी माझ्या चपलेजवळ नीट काढून ठेवतो. आता उकडलेल्या बटाट्यात दाबून देतो, आणि गिळेपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत राहतो. झोपला की त्याचा श्वास मोजायला डॉक्टरांनी सांगितलंय. घरात रंगूबाई म्हणते, 'पोरं आजारी पडली तवा तुमी इतकं नाही पाह्यलं.' खरंच आहे ते.

तुझ्या गोदामात त्या काळ्या कुत्रीनं कापसाच्या ढिगात पिल्लं घातली, तो दिवस आठवतो का? भाभी रुईचं नुकसान झालं म्हणून कटकट करत होत्या आणि दुधाची वाटीही त्याच सरकवत होत्या. मी एकेक पिल्लू उचलून छातीला तळहात लावून पाहिलं. तू हसलास, म्हणालास, 'अरे कुत्रा घेऊन राह्यला का पानबुडी मोटार?' एका पिल्लाच्या छातीत सारखी घरघर लागत होती. टकटक नाही, अखंड घुमणं, नव्या वायंडिंगची मोटार पहिल्यांदा चालू केली की हाताला लागतं तसं. मी म्हटलं, हेच. तू लगेच म्हणालास, 'हे नको घेऊ यार, दूध पेता पेता दमते हे. तो तांबडा घे.' त्यावर मी काय बोललो तेही आठवतं. 'तू कापूस पिंज. मशीनचं मले समजते.'

मी आयटीआयचं तोंड पाहिलं नाही, जळालेल्या मोटारी उघडून उघडून शिकलो. कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून कोणतं बेअरिंग जातंय ते सांगतो आणि चुकत नाही. त्याचा मला गर्व होता, आहे. म्हणून नाव ठेवलं घुम्या. लोक म्हणायचे, घुम्या म्हणजे तर न बोलणारा, हा तर भुंकते. मग मी सांगायचो, तोंडानं नाही बाप्पा, हा छातीनं घुमते, लाव हात. मोटार टाकायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हात लावायला लावला. 'पाहा, ओरिजिनल तांब्याचं वायंडिंग.' लोक हसायचे. तो बिचारा शेपटी हलवत उभा राहायचा आणि लवकरच खाली बसायचा. मी म्हणायचो, लाडावलाय. जोर यावा म्हणून त्याला सकाळी पळवायलाही लागलो होतो.

पोळ्याच्या सकाळी एका बकरीमागे धावला आणि मधेच आडवा झाला. डोळे उघडे, जीभ बाहेर. वाशीमच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावायच्या आधी नुसता हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, आईच्या पोटात असताना हृदयाजवळ एक छोटी नळी उघडी असते, जन्मल्यावर ती मिटते, याची मिटलीच नाही. गेलेलं रक्त परत फिरतं. मी लगेच समजलो. पाइपाच्या तळाची झडप, तो फुटवॉल, गळका असला की मोटार रात्रंदिवस चालते आणि पाणी विहिरीतच उतरतं. मोटारीचा दोष नसतो, पण जळते तीच. पुढे ते म्हणाले, 'हा आवाज पुस्तकातसुद्धा मशीनसारखाच म्हणतात.' जुनैद, मला आवाज बरोबर ऐकू आला होता. अर्थ उलटा लावला. अख्ख्या गावाला मी त्याच्या रोगावर हात ठेवायला लावला, आणि वर हसायलाही लावलं.

त्याच संध्याकाळी टपरीवर बाबूसिंगनं विचारलं, 'काय मिस्त्री, तुमची तांब्याची मोटार जळाली म्हणे?' सगळे हसले. तेव्हा मी म्हणालो, जुनैदनं खोटं पिल्लू माझ्या गळ्यात मारलं. तू चहाचा ग्लास हातात घेऊन उभा होतास. तेवढ्यावरच थांबलो असतो तर तू मला चार शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी आलाही असतास. पण मी पुढे बोललो. 'ह्या लोकायचा माल असाच राह्यते.'

ह्या लोकायचा. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि तुझ्यासमोर तुला 'हे लोक' केलं. तू ग्लास ठेवलास आणि गेलास. त्यानंतरचं तुला माहीत नाही. बाकीच्यांना माझं वाक्य आवडलं. एकानं त्यात आपलं जोडलं, दुसऱ्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, 'आज बोलला मिस्त्री.' मी त्यांनी मागवलेला दुसरा चहाही प्यालो.

तेव्हापासून मी घरून दुकानात बाजाराच्या मागून येतो, तुझं दार लागू नये म्हणून. घुम्या माझ्याबरोबरच असतो. एकटा बांधला तर रडतो, उचलला तर धडपडतो, आणि दोन्हीत त्याला धाप लागते. काल त्या वळशावर तो दोनदा बसला. डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर मुंबईला ऑपरेशन करू, पण तोवर याला कमीत कमी चालवा, नाहीतर तिथपर्यंत पोचणार नाही. माझी लाज तो त्याच्या छातीवर ओढून राह्यला.

म्हणून आज सकाळी टपरीवर गेलो. तेच लोक होते. म्हटलं, पिल्लू मी निवडलं, जुनैद नको म्हणत होता, आणि मी बोललो ते घाण बोललो. कोणी हसलं नाही. बाबूसिंग म्हणाला, 'जाऊ द्या ना मिस्त्री.' राजूनं चहा दिला नाही, मीही मागितला नाही. हे तुला दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. दुसरं असं, की उद्यापासून आम्ही सरळ रस्त्यानं येणार. खरं सांगतो, हा रस्ता मी घुम्यासाठी धरतोय. माझ्या एकट्यासाठी धरला असता की नाही, सांगता येत नाही. तुझ्या दुकानापाशी त्याला दम खायला थांबावं लागेल, तेवढा वेळ मीही थांबेन. तू बाहेर आला नाहीस, तोंड फिरवलंस, तरी चालेल. फक्त तुझी सगळं सोडून द्यायची सवय मला माहीत आहे, म्हणून एकच मागणं. या वेळी 'जाऊ दे यार' म्हणू नकोस.

तुझाच म्हणवून घ्यायला आज ओशाळलेला,
हरीओम