डोलोरेसबाईंच्या फोनवरून

प्रिय आई,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळं छान आहे. माझ्या ऑफिसातला देवांग शनिवारी नाशिकला घरी निघालाय, त्याच्या हाती देतेय. अक्षर मोठं काढलंय, मध्ये ओळी सोडल्यात. एका बैठकीत वाचून संपवायची घाई करू नकोस.

तू मागे विचारलं होतंस की इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये मी नेमकं करते काय, आणि मी 'डेटाचं काम' म्हणून मोकळी झाले होते. आता नीट सांगते. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. कामगार रिटायर झाले तरी त्यांचा दवाखान्याचा खर्च कंपनीच्या विम्यातून होतो. हा विमा दरवर्षी आपोआप पुढे चालू राहायचा. यंदा कंपनीने तो बदलला आणि नियम केला की ज्याने त्याने स्वतः नवा विमा निवडायचा. पंधरा डिसेंबरपर्यंत निवडला नाही तर बंद, पुन्हा मिळणार नाही. पत्रं गेली होती, पण इतकी वर्षं 'तुम्ही काही करू नका' असं सांगितलेली माणसं यंदाही काही करत नव्हती. दोन आठवडे उरले तेव्हा तीनशे अकरा जण बाकी होते. त्यांना फोन करायचं काम आमच्या पाच जणांवर आलं. पाचातले तिघे आपल्याकडचे, मी, देवांग आणि नागपूरचा परीक्षित.

मी नाव सांगायची, कंपनी सांगायची आणि नियमाप्रमाणे जन्मतारीख विचारायची. तिथेच फोन कट. इथल्या म्हाताऱ्या माणसांना फसवणुकीचे फोन सारखे येतात, आणि त्यातले बरेच आपल्यासारख्या उच्चारांचे असतात. एक आजोबा म्हणाले, "काल तुम्ही टॅक्स खात्यातून बोलत होता, आज बदली झाली वाटतं." मला हसू आलं. चाळीसाव्या फोननंतर येईनासं झालं.

आमची मॅनेजर लिंडा मनाने वाईट नाही. ती म्हणाली, तुम्ही तिघं फॉर्म भरा, फोन बाकीचे दोघं करतील. देवांग तापला. "अकरा वर्षं इथे टॅक्स भरतोय, आता माझा आवाजही चालेना यांना." मीही उठून बोलले, की आज आम्हाला फोनवरून उठवलंत तर उद्या मीटिंगमधून उठवाल. आई, मी खरंच छान बोलले. लिंडाने निर्णय मागे घेतला. त्या संध्याकाळी मी तरंगतच घरी गेले. पुढच्या तीन दिवसांत मी एकशे दहा फोन केले आणि नऊ जणांचा विमा झाला. आकडा समोर दिसत होता, तरी मी खुर्ची सोडली नाही.

चौथ्या दिवशी डोलोरेसबाई ऑफिसात आल्या. इथे सगळे सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारतात, पण तुला लिहिताना बाई लावल्याशिवाय हात पुढे जात नाही. वय अठ्ठ्याहत्तर, काळ्या, उंच, रंगकामाच्या विभागात एकतीस वर्षं काढलेल्या. माझा फोन त्यांनी तीनदा कापला होता, मग शंका आली म्हणून स्वतः गाडी चालवत आल्या. मला बघून म्हणाल्या, "म्हणजे तू खरी आहेस तर." त्यांचा फॉर्म भरला आणि न राहवून मी त्यांना मीटिंगची हकिगत सांगितली. वाटलं, शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, "मी लागले तेव्हा शेजारचा माणूस माझ्या हातून पाना घेत नसे, आधी खाली ठेवायला लावायचा. तेव्हा तुझं बरोबर आहे. जानेवारीत आपण दोघी मिळून भांडू. पण पंधरा तारखेनंतर माझ्या मैत्रिणींच्या इन्सुलिनचं काय?"

मी उठून लिंडाला बोलावून आणलं.

कंपनीची यादी बाहेरच्या कुणाला देता येत नाही. पण डोलोरेसबाईंकडे रिटायर मंडळींच्या संघटनेची स्वतःची फोनवही होती. लिंडाने परवानगी काढली. दुसऱ्या दिवशी त्या तिघीचौघींना घेऊन आल्या, येताना केकही आणला. त्या आपल्या फोनवरून लावायच्या. "मी डोलोरेस, पेंट शॉपवाली. अरे, मेले नाही अजून. ऐक, इथे एक मुलगी बसलीये, ती आपली आहे, ती विचारेल ते सांग." मग फोन माझ्याकडे. एका आजोबांनी मला भारतात हवा कशी आहे विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाही हो, नोव्हायमध्ये बर्फ पडतोय. ते खो खो हसले आणि जन्मतारीख दिली.

पंधरा तारखेला सोळा जण उरले. त्यातले दोघं आता हयात नाहीत, काहींना मुलाच्या विम्यात जायचं होतं. बाकीच्यांची हुरहूर आहे, पण एकंदर मी समाधानी आहे. देवांग अजून नाराज आहे. म्हणतो, म्हणजे आता प्रत्येक कामाला आपली हमी द्यायला एक डोलोरेस लागणार. त्याचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. जानेवारीतली मीटिंग आम्ही मागून घेतली आहे, डोलोरेसबाईही येणार आहेत.

आता तुझ्याविषयी, त्यासाठीच हे पत्र. कारखान्याच्या पॅकिंगमधून रिटायर झाल्यापासून तुझा ई.एस.आय.चा, दवाखान्याच्या विम्याचा फॉर्म तसाच पडलाय, आणि उजव्या डोळ्याने तुला आता समोरच्या बसचा नंबरही दिसत नाही. ऑगस्टपासून प्रत्येक फोनवर मी तुला तो फॉर्म समजावते, आणि प्रत्येक वेळी तुझं चार्जिंग संपतं. मी चिडायची. फॉर्म मला सोपा वाटतो, म्हणून तुलाही वाटेल असं धरून मी इंग्रजी शब्दांसकट मास्तरणीसारखी बोलत गेले, आणि कळत नाही हे लेकीला सांगणं तुला जड गेलं असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तर मी तुझ्या पॅकिंगच्या मालिनीमावशीशी बोलले आहे. तिने स्वतःचा फॉर्म मागच्याच वर्षी भरलाय. मंगळवारी दहा वाजता ती रिक्षा घेऊन दारात येईल. दोन फोटो आणि जुनं कार्ड काढून ठेव. फॉर्म ती भरेल, डोळ्याच्या डॉक्टरांकडेही तीच नेईल. मला फोन करून काही कळवायची गरज नाही. मावशी सांगेल, आणि तिला नाही म्हणणं तुला बावीस वर्षांत एकदाही जमलेलं नाही.

तुझीच,
आशू