बाबा म्हणाले, "शेती"

मंगळवार, १८ नोव्हेंबर. संध्याकाळ.

आज रफीकचाचा बरोबर आले नसते तर? मघापासून डोक्यात हेच. त्यांचे उपकार कसे फेडायचे?

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी बाबांना विचारलं, "काम काय करता?" बाबा नेहमीसारखे म्हणाले, "शेती." आजवर प्रत्येक दवाखान्यात हेच सांगितलं आणि दम्याची औषधं घेऊन घरी आलो. घरची जमीन असलेला माणूस दुसरं काय सांगणार? पण शेती केली ती आईनं. बाबांनी उभा जन्म चाचांबरोबर सिमेंटचे पत्रे कापले, गोठ्यांवर आणि पोल्ट्रीच्या शेडवर चढवले.

चाचा मागून म्हणाले, "शेती कसली, भाऊ? निरगुडसरपासून राजुरीपर्यंत पत्रे कुणी कापले? संध्याकाळी आपण दोघं गिरणीतून आल्यासारखे पांढरे व्हायचो न्हाई का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि बाबांच्या छातीचा फोटो पुन्हा उजेडात धरून पाहिला. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि आजार कित्येक वर्षांनी दिसतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. पूर्ण बरं होणार नाही म्हणाल्या. तरी मला हलकं वाटलं. निदान आता चुकीची औषधं तरी थांबतील.

मग त्यांनी चाचांना विचारलं, "तुम्हाला धाप लागते?"

"छे, आपलं लई बरंय."

"लागते की," बाबा म्हणाले. "आत्ता जिना थांबत थांबत चढलाय. तुमी लिहा, बाई. याचाबी फोटो काढा."

उपकार कसे फेडायचे म्हणत होते मी. बाबांनी तिथंच फेडले.