अडकित्त्याने कापलेल्या तारा

मंगळवार, संध्याकाळ

आठ दिवस काही लिहिलं नाही, चुकलंच माझं. आज सदाशिव पेठेत दातांच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. तिथे हळू आवाजात तेच इंग्रजी रॉक चाललं होतं, जे माझा मुलगा विनय गिटारवर वाजवायचा. मी त्याला धिंगाणा म्हणायचो. एकदा मीच अडकित्त्याने त्याच्या गिटारच्या तारा कापल्या. तो घर सोडून गेला.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हे कशाला लावता?"

"जुनं आहे हो आजोबा. पेशंट शांत बसतात. आमच्या वयाचं कोण ऐकतंय?"

म्हणजे ज्या गाण्यापायी मुलगा घालवला, ते आता दात उपटताना ऐकवतात. मग मी वाचवलं काय? सुपारी चावायला दात नाहीत, अडकित्ता तेवढा घरात आहे. विनय, शिव्या दे, पण लवकर एक फोन कर.