अमुक वाचणारा पाद्री

अण्णा, काल दादाला घेऊन मी तुमचा तो खोट्या पाद्र्याचा सिनेमा पाहून आले आणि अजून तोंडाची कडू चव गेलेली नाही. तुमचा म्हणजे तुमचा नव्हेच. हॉलिवूडवाल्यांनी तो आता नव्याने काढलाय, रंगीत, पाण्यासारखा पैसा ओतून, आणि त्याची अशी माती केलीय की तुम्ही असता तर मध्यंतराआधीच उपरणं झटकून उठला असता. मी उठले नाही. दादाला मीच हट्टाने नेलं होतं, मग उठणार कुठल्या तोंडाने?

छावणीतल्या त्या टॉकीजमध्ये आपण जायचो तेव्हा मी परकरातली होते. सकाळी पंचगंगा घाटावर तुम्ही दक्षिणेतून तीर्थयात्रेला आलेल्या यजमानांचं श्राद्ध लावायचा, त्यांना पानावर बसवून, दक्षिणा कनवटीला लावून, दुपारी टोपीखाली शेंडी कोंबून मला म्हणायचा, "चल गं, आईला सांगू नकोस." आईला सगळं माहीत असायचं. तुम्हाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण पडद्यावरची माणसं काय बोलतात ते माझ्या कानात मराठीत सांगत जायचा, आणि ते बहुतेक तुमच्याच मनचं असायचं. त्या सिनेमात एक बेकार कारकून पोटासाठी पाद्री बनतो आणि पहिल्याच दिवशी त्याच्या गळ्यात एक अंत्यविधी पडतो. शवपेटीपुढे उभा राहून तो गंभीर चेहऱ्याने पुस्तक वाचायला लागतो. समोरची माणसं चुळबुळतात, विधवा मान वर करून बघते, आणि हा आपला वाचतोच आहे. तुम्ही माझा दंड घट्ट धरला. "अगं, हा अमुक वाचतोय! जसंच्या तसं वाचतोय!" आपल्या पोथीत मेलेल्याचं नाव-गोत्र घालायचं तिथे 'अमुक' छापलेलं असतं, आणि अडाणी भट तेच खड्या आवाजात म्हणून मोकळा होतो. पोथी चुकलेला भट तुम्हाला कुठल्याही भाषेत ओळखू आला असता. त्या दिवसापासून आपल्या घरात डोकं न लावता काम करणारा प्रत्येक माणूस 'अमुक' झाला, दूधवाल्यापासून माझ्या मुख्याध्यापिकेपर्यंत.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी आधीच फिदीफिदी हसायला लागले आणि तुम्ही मला चिमटा काढलात. "थांब. त्याला अजून कळलेलं नाहीये. त्याला कळेपर्यंत आपण हसायचं नाही, मजा जाते." मंत्राचे स्वर चुकले तरी इतके चिडला नसाल.

आता या नव्या सिनेमात काय आहे ऐका. पाद्री पुस्तक उघडायच्या आतच स्वतः खिदळतो. मग त्याचा एक मित्र, जो तुमच्या सिनेमात नव्हताच, मोठ्याने सांगतो की अरे वेड्या, तिथे नाव घालायचं असतं. म्हणजे आम्ही बैल, आम्हाला कळणार नाही! पुढे कोणीतरी शवपेटीवर ओकतो, पेटी उतारावरून सुटते, मुडद्याची विजार घसरते, आणि हिंदीत आवाज भरणाऱ्यांनी वर आईबहिणीच्या शिव्या पेरल्यात. शेवटी पाद्र्याला लहानपणचं दुःख आठवतं आणि तो रडतो. मला शिसारी आली. आमच्या मागचे लोक मात्र खुर्च्या बडवून हसत होते. हसेनात का, पण प्रेताची विजार ओढून ज्यांना हसवावं लागतं त्यांनी विनोदाच्या वाटेला जाऊच नये.

एवढं चिडायला काय झालं, असं तुम्ही विचाराल. झालं ते तुमच्या दहाव्याला झालं. दादा खाली घाटावर पिंडांसमोर बसलेला, आत्या आणि मी वरच्या पायरीवर. तुमचे जोडीदार गुरुजी आजारी, म्हणून कोणी नवशिके गुरुजी आलेले. त्यांनी पोथी उघडली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अमुकगोत्र, अमुकप्रेत." अण्णा, मी हसले. चांगली मोठ्याने हसले. खालच्या नावेतले मल्लाहसुद्धा वर बघायला लागले. आत्याने तोंडावर हात दाबला माझ्या, "बाप गेला ना गं तुझा!"

दादाने ते कधी सोडलं नाही. आपण सिनेमाला जायचो तेव्हा तो मुगलसरायला रेल्वेत, आपल्या मॅटिनीचं त्याला काय ठाऊक? मी समजावलं होतं त्याला, पण विनोद समजावून सांगितला की त्याचं पिठलं होतं. तेव्हापासून दर वर्षी तुमच्या श्राद्धाला गुरुजी पाटावर बसले की तो मला म्हणतो, "तू आतच बस." मी आत वडे तळते आणि माझ्या बापाचं नाव दाराआडून ऐकते. म्हणून हा सिनेमा परत येतोय म्हटल्यावर मला वाटलं, आता दादा स्वतःच्या डोळ्यांनी बघेल आणि त्याला कळेल. त्या एका जागेसाठी मी त्याला गुडघे दुखत असताना मॉलच्या सरकत्या जिन्यावर चढवलं.

मैदागिनच्या नाक्यावर आम्ही टोटोतून, आताच्या त्या बॅटरीवरच्या रिक्षातून, उतरलो. मग दादा काठी टेकून म्हणाला, "ह्या असल्या भद्द्या मजाकसाठी हसली होतीस तू? अण्णांच्या दहाव्याला?"

मी म्हटलं, "तो सिनेमा हा नव्हता रे."

"नाव तर तेच होतं," तो म्हणाला आणि गल्लीत पुढे चालू लागला. मला त्याचा राग आला नाही. राग आला त्या सिनेमावाल्यांचा, ज्यांनी माझा एकुलता एक साक्षीदार, तो सिनेमाच, फोडला. जुना सिनेमा शोधून पाहिला, मिळत नाही. कुठेही नाव टाका, हाच नवा दात काढून समोर येतो.

हे पत्र पाठवायची सोय नाही, आणि असती तरी टपालात टाकायला दादालाच द्यावं लागलं असतं. एक गोष्ट त्यालाही सांगितलेली नाही. त्या दिवशी हसू मला पदरात दाबता आलं असतं, तेवढी काही मी लहान नव्हते. पण 'अमुकप्रेत' ऐकताच मी आधी शेजारी वळले, तुमच्या लक्षात आलं का ते बघायला. शेजारी आत्या उभी होती.