डाव्या घोट्याची पट्टी

मंगळवार, ४ मार्च

जाहीर झालं एकदाचं. कप्तान तेवीस तारखेला शेवटचा सामना खेळणार. मला डिसेंबरातच कळलं होतं. घोटा हातात घेतला की कळतं.

एकोणीस वर्षं हा डावा घोटा मी बांधतोय. फुटबॉल क्लबचा मालिशवाला मी, सगळे नुसतं ‘काका’ म्हणतात. माझं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं असतं.

संध्याकाळी दाढी करायला सलूनमध्ये गेलो. चुकलंच! तिथे जुंपली होती. न्हावी क्लबचा भक्त, आणि बाकावर गणिताचे निवृत्त मास्तर, ते देशवाले, म्हणजे क्लबपेक्षा देशाचा संघ मोठा मानणारे.

“क्लबसाठी वाघ, देशासाठी मांजर,” मास्तर.

“चारशे सामने खेळलाय तो! मोजा, मास्तर, मोजा!” न्हाव्याचा वस्तरा माझ्या कानापाशी, आणि डोळे मास्तरांकडे. मी जीव मुठीत धरून बसलेलो.

“मोजतो ना. त्या उपांत्य सामन्यातली शेवटची दहा मिनिटंही मोजतो.”

झालं. कुठूनही सुरू करा, गाडी तिथेच येते. अकरा वर्षं झाली. देशाचा उपांत्य सामना, जादा वेळ, शून्य-शून्य. दहा मिनिटं उरलेली आणि पुढे पेनल्टी दिसत होत्या. पहिली यानेच मारायची होती. हा डावा घोटा धरून खाली बसला, हात वर केला आणि बाहेर आला. देश पेनल्टीवर हरला. आणि आठ दिवसांनी क्लबच्या अंतिम सामन्यात याचेच दोन गोल! तेव्हापासून लोक म्हणतात, पाय क्लबसाठी राखून ठेवला.

माझ्या अर्ध्या गालाला फेस. डोळे मिटून घेतले.

गुरुवार, ६ मार्च

माझेच गुडघे ठणकतायत. आज दुसरं काही लिहायचं नाही.

रविवार, ९ मार्च

नवीन खूळ निघालंय. मैदानाच्या पूर्वेकडच्या गॅलरीला कप्तानाचं नाव द्यायचं. पण देशाचे सामनेही इथेच होतात, म्हणून देशवाले आडवे आलेत. पुढच्या रविवारी प्रेक्षक मंडळाच्या सभेत हात वर करून निकाल.

मालिश करताना त्याला विचारलं, तुला काय वाटतं?

“मला कशाला हवंय नाव,” म्हणाला. मग पालथा पडल्या पडल्याच बोलला. “बाबा पूर्वेच्या गॅलरीतच बसायचे, काका. तिसरी रांग. त्या सामन्यानंतर शेजारचे लोक त्यांच्याशी बोलेनात. एकाने विचारलं, पोरानं किती पैसे घेतले? तेव्हापासून बाबा मैदानात आले नाहीत. घरी टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघतात.”

मी पोटरी चोळत राहिलो. माझ्या तोंडाला कुलूप कशाचं आहे ते त्यालाही माहीत आहे, मलाही.

बुधवार, १२ मार्च

लिहूनच टाकतो. इथे तरी.

त्या दिवशी राष्ट्रीय संघाचा मालिशवाला तापाने फणफणला होता, म्हणून ऐनवेळी मला बोलावलं. देशाचा कोट अंगात! आरशात तीनदा पाहिलं असेल. पट्टी बांधायची आमची रीत ठरलेली. पाऊल काटकोनात, दोन पदर सरळ, मग आठाच्या आकड्यासारखे वेढे, आणि शेवटी त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबून पाहायचं. नख पांढरं पडतं, सोडलं की लगेच गुलाबी व्हायला हवं. नाही झालं तर पट्टी घट्ट आहे. काढायची, पुन्हा बांधायची. नाहीतर तासाभरात पाऊल बधिर.

त्या दिवशी मी नख दाबलं नाही. बाहेर राष्ट्रगीतासाठी रांग लागत होती आणि मला त्या रांगेत कोट घालून उभं राहायचं होतं. एवढंच कारण! पट्टी चिकटवली, ‘झालं रे’ म्हणालो आणि पळालो.

सामन्यानंतर कात्री घेऊन गेलो तर त्याने पट्टी आधीच काढून टाकलेली. पाय बर्फाच्या बादलीत. माझ्याकडे न बघता म्हणाला, “राहू द्या, काका.” मी समजलो. पोरगा मला वाचवत होता. पत्रकारांनी किती खोदून विचारलं, याच्या तोंडून माझं नाव निघालं नाही. शिव्या याने खाल्ल्या आणि पगार मी घेत राहिलो.

हिला काल सांगितलं. ऐकून घेतलं, भांडं विसळून पालथं घातलं, म्हणाली, “अकरा वर्षं तुम्ही झोपेत दात खाता, मला वाटायचं पोटात जंत असतील.” मग म्हणाली, “रविवारच्या सभेत सांगून टाका. नाहीतर मी जाऊन सांगते.” ही खरंच जाईल.

शनिवार, १५ मार्च

उद्या. साठी उलटली तरी परीक्षेची भीती काही जात नाही.

रविवार, १६ मार्च

सांगितलं.

हॉल गच्च भरलेला. एक माणूस क्लबसाठी ओरडणार, दुसरा देशासाठी. “देशाच्या कपापेक्षा त्याचा घाम बघा!” काहीच्या काही. शेवटी मी उठलो. खुर्चीची पाठ धरली. पट्टी, नख, कोट, रांग – सगळं सांगितलं.

आधी हशा पिकला. “काका खाल्ल्या मिठाला जागतायत!” कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. इतकी वर्षं जे गिळलं ते बाहेर काढलं, तर लोकांना गंमत वाटली! मग मास्तर उठले. वर्गातही असेच उठत असतील.

“नख दाबायला किती वेळ लागतो?”

“दोन सेकंद.”

“आणि तुम्ही का नाही दाबलंत, पुन्हा सांगा.”

“मला रांगेत उभं राहायचं होतं.”

कोणी हसलं नाही. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “असलं कारण कोणी रचून सांगत नाही,” म्हणाले आणि खाली बसले. हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात त्यांचा. गॅलरीला नाव लागणार!

बाहेर पडताना माझ्यासाठी दार कोणी धरलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

न्हाव्याने दाढी केली, एक अक्षर न बोलता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! बाकावरून एकजण पेपराआडून म्हणाला, “देशाचा कप म्हणे दोन सेकंदांत गेला.” बसमध्ये एक बाई नवऱ्याला कोपराने ढोसून माझ्याकडे दाखवत होती.

मोकळं वाटेल असं वाटलं होतं. नुसता थकवा आलाय. ओझं खाली ठेवल्यावर हात दुखायला लागतात, तसं.

हिने माझ्या ताटात दोन घास जास्त वाढले.

गुरुवार, २० मार्च

कप्तान संघाबरोबर बाहेरगावी, उद्या येईल. त्याच्याकडून ना फोन, ना निरोप. रागावला असेल का? इतकी वर्षं त्याने झाकलं ते मी चव्हाट्यावर आणलं.

दुपारी एक फोन आला. म्हातारा आवाज. “मी त्याचा बाप बोलतोय. रविवारी येतोय मैदानात.” मग म्हणाले, “मी पण त्याला कधी विचारलं नाही हो. मलाही वाटलं होतं, त्यानं...” दोघं म्हातारे फोन धरून रडत बसलो. हिने बाहेरून विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, कोणीतरी परत येतंय.

आता बसमधल्या बाईने काहीही म्हणू दे. फुटकळ किंमत आहे ही.

रविवार, २३ मार्च

शेवटची पट्टी बांधली. सवयीने नख तीनदा दाबलं. गुलाबी, गुलाबी, गुलाबी. तो माझ्या हातांकडे बघत होता.

दोन-एक जिंकलो. पूर्वेच्या गॅलरीत, तिसऱ्या रांगेत, त्याचे वडील. शेजारी मास्तर! मास्तरांनी आपली बसायची गादी त्यांना दिलेली आणि स्वतः कडक सिमेंटवर बसलेले. अख्खी गॅलरी उठून उभी राहिली, तेव्हा वडिलांना उठायला मास्तरांनीच हात दिला.

नंतर कप्तानाने सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि मी पट्टी कापायला बसलो. कापता कापता तो बोलला. आज लिहवत नाही. उद्या.

सोमवार, २४ मार्च

काल तो म्हणाला, “काका, तुमची पट्टी त्या दिवशी घट्ट झाली होती, खरंय. म्हणून राष्ट्रगीताच्या आधीच मी बाथरूममध्ये जाऊन कापून टाकली. वर मोजे घातले. पायाला काही झालं नव्हतं. पेनल्टी समोर दिसली आणि मी घाबरलो. बाबांना मी आज खरं सांगतो.”

मी म्हटलं, “बाबा कुठे आहेत आत्ता?”

“बाहेर. मास्तरांबरोबर चहा घेतायत.”

“मग घेऊ दे त्यांना चहा.”

आज सलूनमध्ये गेलो. वस्तरा मध्येच थांबवून न्हाव्याने हळूच विचारलं, “काका, तुम्ही खरंच नख दाबलं नव्हतं?”

“नव्हतं दाबलं,” मी म्हणालो. आणि ते खरंच आहे.